करारातली वाढ नेमकी किती जणांना?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाकण-भोसरीच्या एखाद्या कारखान्यात वेतनवाढ करार झाला की कामगारांना अमुक हजारांची घसघशीत वाढ मिळाल्याची बातमी ठळक छापून येते, आणि युनियन असली की पगार वाढतोच असा वाचकांचा समज होतो. तीस वर्षे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रांवर, राबलेला आणि त्यातली काही वर्षे युनियनच्या कमिटीवर असलेला कामगार म्हणून सांगतो, हा समज खोटा नाही, पण अर्धवट आहे.

युनियनमुळे पगार किती वाढतो हे पाहताना सदस्य आणि बिगरसदस्य यांच्या पगारांची नुसती तुलना करून भागत नाही. युनियन बहुधा मोठ्या, जम बसलेल्या कारखान्यांत असते आणि असे कारखाने एरवीही छोट्या वर्कशॉपपेक्षा जास्तच पगार देतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी कारखान्याचा आकार आणि कामाचे स्वरूप हिशेबात धरले, तेव्हा सदस्यत्वाचा म्हणून दिसणारा फायदा बराच कमी भरला. कमी भरला, पण उरला. शिवाय तिथल्या 1995 च्या कायद्यानुसार मालक आणि युनियन यांच्या परिषदेत झालेला करार मंत्र्यांना त्या उद्योगातल्या बिगरसदस्यांनाही लागू करता येतो. त्यामुळे दोघांच्या पगारातली तफावत कमी असणे हेसुद्धा युनियनच्या ताकदीचेच लक्षण असू शकते.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. आमच्या शेवटच्या कराराच्या दिवशी गेटवर पेढे वाटले. माझ्याच प्रेसवर दुसऱ्या पाळीला उभा राहणारा कंत्राटी मुलगा पेढा हातात धरून म्हणाला, "काका, आमचं काय ठरलं?" मागणीपत्रात त्याच्याबद्दल एक ओळही नव्हती, आणि ते मागणीपत्र लिहिणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या महिन्यात आम्हाला फरकाची रक्कम मिळाली. त्याचा रोज ठेकेदाराने ठरवलेला होता तेवढाच राहिला. त्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही एकाहून जास्त युनियन असतील तर एकमेव वाटाघाटीचा मान आस्थापनेच्या हजेरीपटावरील किमान 51 टक्के कामगार ज्या युनियनचे सदस्य असतील तिला आहे, म्हणजे या मुलाची गरज ना युनियनला, ना व्यवस्थापनाला. उलट कायम कामगारांना दिलेली वाढ कंत्राटी भरतीतून भरून काढता येते, हे व्यवस्थापनाला पक्के ठाऊक असते.

हजेरीपटावर नाव नसले तरी मजुरी वाढवून घेता येते, हे याच पुणे शहरात सिद्ध झाले आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ज्यांना एक कायम मालकच नाही अशा हमालांना एकत्र आणले. 1969 च्या माथाडी कायद्याने मालक आणि हमाल दोघांचीही माथाडी मंडळाकडे नोंदणी होते, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि तिच्यावर मालकाकडून घेतलेल्या जादा रकमेतून, म्हणजे लेव्हीतून, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार उभा राहतो.

कारखान्यातल्या युनियननी पुढच्या मागणीपत्रात समान कामाला समान वेतन हे कलम कंत्राटी कामगारांसाठी पहिले घालावे, आणि करार त्याच्यावाचून संपवू नये. आपल्यालाही एक विनंती. कराराची बातमी छापताना वाढीच्या आकड्याशेजारी ती किती कामगारांना लागू झाली आणि त्याच छताखाली किती जण कंत्राटावर आहेत, हे दोन आकडेही द्यावेत.

आपला,
एक निवृत्त कामगार, चिंचवड, पुणे