आई-बाबा, रविवारचं थोडं बदलतंय

पुणे, ९ ऑगस्ट

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल. फोनवर सांगायला गेले की आई विषय भाजीच्या भावावर नेते आणि बाबा "तुझ्या आईशीच बोल" म्हणून फोन देऊन टाकतात. शिवाय पत्र बाबांना दोनदा वाचता येतं, आणि दुसऱ्या वाचनाला ते बहुतेक माझ्या बाजूने होतात.

तर सांगून टाकते. या महिन्यापासून दर रविवारी सकाळी मी एका मुलीला भेटायला लागलेय. एक संस्था आहे, वस्तीतल्या दहावी-अकरावीच्या मुलामुलींना एकेक मोठं माणूस जोडून देते. त्याला ते मेंटॉर म्हणतात, मुलं ताई नाहीतर दादा म्हणतात. निदान एक वर्ष तरी करायचं असतं. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी साताऱ्याला यायचं आता जमणार नाही. एक आड एक आठवड्याला शुक्रवारी रात्री येईन आणि शनिवारी जेवून निघेन.

फॉर्म भरून झालाय, पोलिसांकडची पडताळणीही झाली. विचारून नाही, ठरवून सांगतेय, हे आईला लागणार. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं "कर की" म्हणाला असतात आणि रविवारी दुपारी स्वयंपाकच न करता दूधभात खाऊन झोपला असतात. आता निदान माझ्याशी भांडता तरी येईल.

आधी तुमचं. रविवारचा स्वयंपाक करायला पोवईनाक्याच्या मावशी यायला तयार आहेत, मी बोलले. त्यांच्या भाजीत तिखट जास्त असतं, ते सांगितलंय. गोळ्यांचे डबे मी आले की पंधरा दिवसांचे भरून ठेवीन, सकाळचा खण पांढरा, रात्रीचा निळा. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवायला माणूस बुधवारी येईल. बाबा, त्याला "कशाला, मी काय म्हातारा आहे का" म्हणून परत पाठवू नका. गेल्या वेळी पाठवलात, मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम तुमच्या जावयांकडे, ते त्यांच्याकडेच राहील.

आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी पूर्ण आठवडा रजा घेऊन येणार, रविवारसकट. त्या मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय की त्या आठवड्यात मी नसेन. येणार नसलो तर आधी सांगायचं, हा तिथला पहिला नियम.

आता तुमचा प्रश्न: हे कशाला? दिवसभर हिंजवडी, जाता-येता ट्रॅफिक, बाबांचे गुडघे, आईचे डोळे, आणि त्यात परक्याची पोर. आई, तू यावर काय म्हणशील ते मला पाठ आहे. "तुझ्या बाबांनी गावभरची पोरं शिकवली, आता दाराशी कोण येतं?" हे तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी कॉलेजात होते, आणि बाबा उठून बागेत पाणी घालायला गेले होते, पाऊस पडत असताना. कोरेगावच्या त्या मुलाचा विषय मी काढत नाही. एवढंच म्हणते, की तो निघून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकीची मुलं ओसरीवर आली आणि बाबांनी फळा पुसून नवीन उदाहरण लिहिलं. मी दारात उभी होते. मला तेव्हा फार राग यायचा त्या मुलांचा. माझ्या वाटचे शेंगदाण्याचे लाडू त्यांच्या हातावर जायचे. रात्री एकोणतीसचा पाढा ऐकत मी बाबांच्या मांडीवर झोपून जायची आणि आई मला उचलून आत न्यायची, वेणी सोडायची, मी जागी असूनही झोपलेय असं दाखवायची. तुला कळायचं ना ते?

आणि तुझं ते वाक्य, मुलांना वाढता वाढता म्हणायचीस, "भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या मुलांसाठी मंगळसूत्र विकलं, मी काही विकायची नाही हं!" आणि म्हणता म्हणता चौथी भाकरी टाकायचीस. रयतच्या शाळेत नोकरी बाबांची होती, पण तिथला वसा अर्ध्याहून जास्त तुझ्या तव्यावर चालला. तेव्हा हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, ते मला विचारू नकोस.

मुलीचं नाव लिहीत नाही, तसा नियम आहे. दांडेकर पुलाजवळ राहते. वडील नाहीत. आई चार घरची धुणीभांडी करते, चांगली खमकी बाई आहे. दहावीला मुलीचं गणित राहिलं, पुरवणीतही राहिलं, आता एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन, अकरावी कॉमर्सला आहे. मला वाटलं, गणित शिकवायचं, बाबांची मुलगी आहे, हसत हसत करीन. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "ताई, उत्पन्नाचा दाखला म्हणजे आईच्या कुठल्या मॅडमची सही आणायची?" शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यावर अडला होता. चारही मॅडम उत्तम आहेत, पण लिहून द्यायला कुणी तयार नाही. हा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, हे सांगणारं तिच्या घरात कुणी नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर आडनावाची वेलांटी वेगळी. जन्मदाखल्याचं विचारलं तर म्हणाली, "तो कालव्यात गेला."

आठवतंय? २०१८ चा सप्टेंबर, कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. तुम्ही साताऱ्याहून मला सारखे फोन लावत होता आणि मी वारज्यात कोरड्या घरात बसून बातम्या बघत होते. ही तेव्हा तिसरीत होती. भांडी परत आली, कागद आले नाहीत. आत्याआजी पानशेतच्या पुराचं सांगायची तेव्हा आधी लोकांचं सांगायची आणि मग लगेच पेटीतल्या कागदांचं. १९६१ ते २०१८, कागदाचं दुखणं तेच. त्यामुळे सध्या आमचं गणित कमी आणि कागद जास्त चाललेत.

पुण्यात सल्ला देणारे ढिगाने आहेत, दर रविवारी त्याच वेळेला येऊन ऐकून घेणारं माणूस मिळत नाही. आमच्या गटात एक गृहस्थ होते, पहिल्याच दिवशी मुलाबरोबर फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या आठवड्यापासून गायब. तो मुलगा तरीही येऊन बाकावर बसला होता, केस विंचरून. संस्थेच्या ताईंनी प्रशिक्षणात अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं सांगितलं होतं, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्या मुलांना वर्षभर किंवा जास्त सोबत मिळाली त्यांचा सगळ्यांत जास्त फायदा झाला, आणि ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. म्हणजे अर्ध्यात सोडण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं. बाबा, तुम्हाला हे अमेरिकेने सांगायची गरज नाही. पण आईने "महिनाभर बघ आणि नाही जमलं तर सोड" असं म्हणू नये, म्हणून लिहिलं.

घाबरण्यासारखं काही नाही. आम्ही शाळेच्या वर्गात भेटतो, दार उघडं असतं, कधी सारसबागेत बसतो. घरी न्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, उसनेसुद्धा. आई, तुझ्यासारख्या बाईला हा नियम जड गेला असता, मलाही जातोच. आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलांना कधीच द्यायचं नाही. कारण उद्या तिने अंगाला हात लावल्याचं वगैरे काही सांगितलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. पण पहिल्याच दिवशी हे मुलीला सरळ सांगितलं आणि तिने मान डोलावली. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर तिला आधीच पाठ होता.

आई, आता नाजूक सांगते. मंदामावशीला हे कळलं की ती एकच वाक्य म्हणेल आणि तू फोन ठेवून डोळे पुसशील. नको पुसूस. आम्हा दोघांच्या मनात ते केव्हाच शांत झालंय, खरंच. ही मुलगी कुणाच्या जागी येत नाहीये, तिला आई आहे, मला माझं घर आहे. मावशीला सांग, गणित शिकवायला जाते. झालं.

आणि हेही लपवत नाही, की एकीकडे मी तिला म्हणते "मी दर रविवारी येणार", आणि दुसरीकडे तुमचाच रविवार काढून घेतेय. रात्री हे डोक्यात येतं. तुमचे जावई म्हणतात, तुझ्या आईबाबांना तू शनिवारी हवीस की सुखी हवीस? मला दोन्ही पाहिजे, काय करू?

तेव्हा ऐका. आईने स्टूलवर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, गणपतीची भांडीसुद्धा नाही, मी येऊन काढीन. बाबांनी साखरेचा रिपोर्ट वर्तमानपत्राखाली ठेवायचा नाही. काठी कोपऱ्यात शोभेला नाही, हातात. गच्चीत कपडे वाळत घालायला एकट्याने जायचं नाही, जिना शेवाळलाय. रविवारी संध्याकाळी सहाला मी व्हिडिओ कॉल करीन, तेव्हा दोघांनी दिसायचं. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने टीव्ही बघायचा, हे चालणार नाही. रागावून सांगत नाहीये, पण कराच.

फेब्रुवारीत तिची परत परीक्षा आहे. पस्तीस पडले तर पडले. नाही पडले तरी ती मला रविवारी भेटेल.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, दोन चलांतील रेषीय समीकरणांना तुम्ही ओसरीवर चहा-भज्यांच्या बिलाचं उदाहरण द्यायचात, ते नीट आठवत नाही. भज्यांची प्लेट किती रुपयांची धरायचात? एका कागदावर लिहून ठेवा, शुक्रवारी नेईन. आई, तुझ्या कुकरची नवी रिंग तुळशीबागेतून घेतलीय, तोवर जुनी ताणून लावू नकोस.