सोलरची सावली पाडव्याला बघू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत वर्षभरात पाच अगाश्यांवर सोलर चढले, त्यातले एक माझे. ३ किलोवॅटचे. केंद्राची ७८,००० रुपयांची सबसिडी वेळेवर जमा झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

ठेकेदाराचा मुलगा जागा बघायला आला तो पाडव्याच्या आठवड्यात. दक्षिणेला शेजारच्या बांचा, म्हणजे गुजराती आजींचा, कडुनिंब. तो तेव्हा नुकता पालवत होता, अर्धा बोडकाच. ऊनही बरेच वर आलेले. ‘मासी, छांयडो नहीं नडे,’ म्हणाला, म्हणजे सावली आड येणार नाही. मीही मान डोलावली.

उत्तरायणला नातवाची फिरकी धरून उभी होते. पाऊण वाजलेला, म्हणजे बडोद्यात सूर्य सर्वांत वर असतो ती वेळ. तरी खालच्या ओळीतल्या दोन पॅनलांवर निंबाची गच्च जाळी! झाड अगाशीच्या वर पंधरा फूट गेले आहे, आणि जानेवारीत भर दुपारीही सावली जवळजवळ उंचीएवढीच पडते. सकाळी तर विचारूच नका.

कालनिर्णयच्या चौकोनात मी रोजचे युनिट लिहिते. मेमध्ये १४-१५, जानेवारीत ७. थंडीत घटणारच, पण मागच्या गल्लीत तेवढ्याच सोलरला ११ मिळत होते. सहाही पॅनल एकाच माळेत जोडलेले. बायपास डायोड सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेतात म्हणून सगळी माळ बसत नाही, पण वगळलेल्या भागाची वीज गेली ती गेलीच.

सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर लगेच सल्ला: झाड उतरवा. पाडव्याला ज्याची पाने खायची त्याच्यावर संक्रांतीला कुऱ्हाड? बा आमच्या आधीपासून इथे राहतात, आणि झाड बांच्याही आधीचे. मी ६,००० रुपये मोजून ते दोन पॅनल जिन्याच्या खोलीवर हलवले.

माझे म्हणणे एवढेच: २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य वर्षात सर्वांत खाली असतो तेव्हा, सकाळी नऊ ते दुपारी तीन कोणत्या पॅनलवर सावली येईल, हे ठेकेदाराने कोटेशनमध्ये लिहून द्यावे. सावली टळणारच नसेल तर ऑप्टिमायझर किंवा मायक्रो इन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनल स्वतंत्र चालवणारे उपकरण, त्याचा भावही तिथेच सांगावा. माझ्या चार पानी कोटेशनमध्ये सावली हा शब्दच नव्हता.

आमच्याकडची आणखी तीन घरे यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर सोलर ठरवणार आहेत. जागा बघायला तोच मुलगा येणार आहे.

– एक वाचक आजी, मांजलपूर, बडोदे