प्रत्येक जळजळ म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे

महोदय,

लघवीला सारखे जावे लागणे, जळजळ होणे आणि तरीही तपासणी ‘नॉर्मल’ येणे, या फेऱ्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी २ वर्षे काढली. दर वेळी अँटिबायोटिकच्या गोळ्या हाती पडत. एसटीने माहेरी जायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. या विकाराला ‘युरेथ्रल सिंड्रोम’ म्हणतात.

लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, मिलिलिटरमागे १ लाख जंतू आढळले तरच संसर्ग मानण्याची जुनी रीत असल्याने कमी जंतूंचा खरा संसर्ग नजरेतून सुटू शकतो; आणि क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू तर नेहमीच्या कल्चरमध्ये दिसतच नाही. असा संसर्ग आधी तपासावा आणि आढळल्यासच अँटिबायोटिक द्यावे. तसे काही नसेल, तर ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी, लघवीच्या वेळांमधले अंतर हळूहळू वाढवण्याचा सराव, त्रास वाढत असल्यास चहा-कॉफी कमी करणे आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचे इस्ट्रोजेन क्रीम, हे मार्ग आहेत. जाऊबाईंना या क्रीमनेच ३ महिन्यांत उतार पडला. मूत्रमार्ग रुंद करण्याच्या प्रक्रियेला मात्र भक्कम पुरावा नाही, त्यामुळे तिची घाई नको. आणि ‘मनाचे खेळ आहेत’ असे सांगून डॉक्टरांनी कोणत्याही बाईला परत पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचिका, सातारा