नुसत्या टनावर नको, दिवसाला किती वेळा उचलता त्यावर क्रेन ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यात लोड पडून कोणाला लागलं की बातमी येते, पण तो लोड हाताच्या चेन पुलीने (हाताने साखळी ओढून लोड उचलायचं साधन) उचलायचा की मोटरच्या होइस्टने (तेच काम विजेवर करणारं यंत्र) हे कोणी आणि कसं ठरवलं याबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. मी मेंटेनन्समध्ये काम करतो. बहुतेक ठिकाणी हा निर्णय एकाच प्रश्नावर होतो, लोड किती टनाचा? एक टन? मग एक टनाची चेन पुली घेऊन टाका, स्वस्त पडते, लाईट पण लागत नाही. झालं. दिवसातून किती वेळा उचलायचं आणि किती उंच, हे कोणी विचारतच नाही, आणि माणसाचे खांदे जातात ते त्याच्यामुळे.

हिशोब साधा आहे. एक टनाची चेन पुली माणूस साधारण 30 किलोच्या जोराने ओढतो असं धरा. गिअरमुळे जोर कमी लागतो पण तेवढी चेन जास्त ओढावी लागते, घर्षण धरून लोड 1 मीटर वर न्यायला हातातली चेन 40 मीटरच्या आसपास जाते. 3 मीटर उचलायचं तर 120 मीटर. मान मागे, नजर हूकवर, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि सलग ओढत राहिला तरी सात-आठ मिनिटं. तेच काम मिनिटाला 4 मीटर चालणारा होइस्ट 45 सेकंदात करतो. शिफ्टमध्ये असे 20 जॉब असतील तर एका माणसाने जवळपास अडीच किलोमीटर चेन ओढली, आणि हे फक्त चढवतानाचं झालं, उतरवतानाही चेन ओढावीच लागते, जोर कमी लागतो पण लांबी तेवढीच. मग दुपारनंतर हात भरून येतात आणि कोणीतरी म्हणतं चला दोघं लावू. ही सगळ्यात वाईट सवय. चेन जड लागणं हीच हाताच्या पुलीची धोक्याची सूचना असते, जी पुली एकाने ओढायची तिला दोघं लागले की ओव्हरलोड झालेला कळतच नाही.

म्हणून सगळीकडे मोटर लावा असं मी अजिबात म्हणत नाही. वर्षातून दोनदा जो पंप बाहेर काढायचा त्याच्यावर इलेक्ट्रिक होइस्ट टांगून ठेवला तर तो ओलाव्यात पडून राहतो आणि नेमका गरजेच्या दिवशी कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला निघतो. तिथे चेन पुलीच बरोबर. शिवाय पंप बेसप्लेटवर बसवताना बोल्टची भोकं जुळवायची असतात ना, तेव्हा चेन पुलीसारखं काही नाही, चेन 4 सेंटिमीटर ओढली की लोड 1 मिलिमीटर हलतो. मिनिटाला 4 मीटरवाला सिंगल स्पीड होइस्ट सेकंदाला 66 मिलिमीटर जातो, बटणाला नुसता हात लावला तरी झटका बसतो. एखादा बोल्ट काढायचा राहून गेला असेल तर तेही चेनवर हाताला लगेच कळतं, मोटर मात्र ओढतच राहते. होइस्टला दोन स्पीड किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि ओव्हरलोड लिमिटर (भार जास्त झाला की उचलणं थांबवणारा) घेतला तर हे बरंचसं सुटतं, पण कोटेशन कमी करायला बसले की पहिली कात्री यांनाच लागते.

मोटर घ्यायचीच तर ड्यूटी बघा. नुसतं एक टन लिहून ऑर्डर देऊ नका. 40 टक्के ड्यूटी म्हणजे 10 मिनिटांत मोटर 4 मिनिटं चालणार, बाकी वेळ थंड होणार, आणि तासाला किती वेळा स्टार्ट करायची यालाही मर्यादा असते. सारखं इंचिंग करून, म्हणजे बटण थोडं थोडं दाबून लोड हलवत राहून, मोटर जळते मग सगळे कंपनीला दोष देतात. दुसरं म्हणजे शेड. गॅन्ट्री गर्डर (ज्या बीमवर क्रेन धावते तो) डिझाइन करताना झटक्यासाठी हाताच्या क्रेनला 10 टक्के जादा भार धरतात आणि इलेक्ट्रिकला 25 टक्के, शिवाय होइस्टचं स्वतःचं वजन वेगळं. त्यामुळे जुन्या मोनोरेलवर (वर टांगलेला एकच बीम, ज्यावर पुली सरकते) चेन पुली काढून होइस्ट चढवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. जिथे सॉल्व्हंट किंवा गॅस आहे तिथे साधा इलेक्ट्रिक होइस्ट चालत नाही, दाबाच्या हवेवर चालणारा किंवा अशा जागेसाठी खास बनवलेला बघावा लागतो. आणि लाईट गेली तर स्प्रिंगचा ब्रेक लागून लोड हवेत जागच्या जागी थांबतो, तो खाली कसा आणायचा हे आधीच ठरलेलं हवं.

मधला मार्गही आहे, तो फार कमी लोक घेतात. उचलायला मोटर आणि पुढे-मागे न्यायला हाताची ट्रॉली. जॉब थोड्याच अंतरावर हलवायचा असेल तर एवढं पुरतं.

आणि चेन पुलीला मोटर नाही म्हणून तिला कोणी मशीन समजत नाही याचं मला फार वाईट वाटतं. होइस्टला सर्व्हिसिंगचं कार्ड लागतं, चेन पुली कोपऱ्यात धूळ खात पडते आणि गरज लागली की तशीच वर टांगतात. हूकची लॅच (लोड निसटू न देणारी पट्टी) तुटलेली, चेन घासलेली, कोणीतरी कौतुकाने तेल देताना ते ब्रेकच्या डिस्कवर गेलेलं, मग लोड हळूहळू घसरायला लागतो.

माझी विनंती एवढीच की कोटेशन मागवायच्या आधी एक आठवडा जागेवर एक वही ठेवा. रोजचा नेहमीचा लोड किती, सगळ्यात जड किती, किती वेळा, किती उंच, किती माणसं लागली, एवढंच लिहायचं. ती वही सप्लायरला द्या, आणि मीटिंगला खरेदीवाल्यांच्या शेजारी चेन ओढणाऱ्या माणसालाही बसवा.

आपला नियमित वाचक,
एक मेंटेनन्स फिटर