न्यू इंग्लंडचा रस्ता आखून देणाऱ्या बाईंना अनावृत पत्र

पुणे

आदरणीय बाईंना,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आभार मानायला समोर आले की आपण विषय बदलता आणि चहाचे आधण ठेवायला उठता, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. आपल्या पुण्यातले कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात आणि त्यांतले काही नेमके सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पानगळीआधी झाडे लाल-पिवळी होतात तेव्हा, न्यू इंग्लंडमध्ये म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, बोस्टनच्या आसपास असतात. आपण आम्हाला जे समजावून सांगितले ते त्यांच्याही कामी यावे, हा हे पत्र उघडपणे लिहिण्यामागचा दुसरा हेतू.

आम्ही आपल्याकडे आलो तेव्हा आमच्याजवळ प्रेक्षणीय स्थळांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे तारीख लिहिलेली होती. आपण ती यादी न वाचताच बाजूला ठेवलीत, डोंगरांची उंची दाखवणारा नकाशा टेबलावर पसरलात आणि विचारलेत, ‘मुलीची रजा दोन-चार दिवस पुढेमागे होऊ शकते का?’ पानांचा हा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो आणि डोंगरमाथ्यावरून दरीकडे उतरतो, हे सूत्र आपण त्या दिवशी सांगितलेत. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांच्या उत्तर भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रंग भरात असतो, दक्षिणेकडे तो ऑक्टोबरच्या मध्याला येतो आणि समुद्रकिनाऱ्याजवळ त्याहूनही उशिरा. थंडी, पाऊस आणि वारा यांच्यामुळे दरवर्षी हे वेळापत्रक थोडेफार हलते. त्यामुळे अमुक गावी अमुक दिवशी रंग दिसेलच असे कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मग रस्ताच असा निवडायचा, की एका दिवसात उंची पुरेशी बदलेल. वर पाने झडली असतील तर खाली उतरायचे आणि खाली अजून हिरवे असेल तर वर चढायचे.

कँकमागस महामार्ग आपण याच हिशेबाने निवडला होतात. न्यू हॅम्पशायरमधल्या लिंकन गावापासून कॉनवेपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरचा हा रस्ता व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनातून जातो, मधली खिंड सुमारे ८७० मीटर उंचीवर आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना उतार आहे. आम्ही गेलो तेव्हा खिंडीजवळचे बर्च जवळपास निष्पर्ण झाले होते, पण पलीकडे उतरू लागलो तसतशी झाडे भरत गेली आणि स्विफ्ट नदीच्या काठी येईपर्यंत दोन्ही अंगांना तांबडा, नारिंगी आणि पिवळा एवढेच उरले. उत्तर व्हरमाँटमध्ये एका रात्री पावसाने आणि वाऱ्याने बरीचशी पाने खाली आणली, तेव्हा आमच्या यजमानांनी आपण सांगितलेले ‘खाली उतरायचे’ हे वाक्य म्हणून दाखवले आणि आम्ही मुकाट्याने कनेटिकट नदीच्या खोऱ्यात उतरलो. रंग तिथे थांबलेलाच होता.

या रंगाचे कारण आपण वेताळ टेकडीच्या आधाराने समजावलेत, ते मला विशेष आवडले. आपल्याकडे झाडे पाने टाकतात ती मुख्यतः पाणी आटत गेल्यामुळे, कोरड्या महिन्यांत. आणि लाल रंग पाहायचा तर तो सह्याद्रीतल्या कुसुंबाच्या कोवळ्या पालवीत, म्हणजे पान जन्माला येताना. तिकडे दिवस लहान होऊ लागले आणि गारठा वाढला की पानातले हरितद्रव्य विघटित होते, देठाच्या बुडाशी पेशींचा थर तयार होऊन पान फांदीपासून तुटू लागते आणि मुळातच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण पाणी गोठण्याइतका नाही, असे हवामान लाभले की पानात अडकून राहिलेल्या साखरेच्या मदतीने तो अधिक गडद होतो.

नदीकाठी मुलीने दोन पाने उचलून तळहातावर ठेवली. एकाच्या कडा गुळगुळीत आणि दोन पाळ्यांमधली खाच गोलसर, तो शुगर मेपल. दुसऱ्याच्या कडा करवतीसारख्या दातेरी आणि खाच टोकदार, तो रेड मेपल. आपण कागदावर काढून दिलेल्या आकृतीशी ताडून पाहिले तेव्हा जावईबापूंनाही पटले की सगळे मेपल एक नसतात. त्यानंतर त्यांनी मोटार किती ठिकाणी थांबवली ते विचारू नका.

व्यवहाराच्या सूचनाही तितक्याच मोलाच्या ठरल्या. कँकमागसवर पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलची रेंजही भरवशाची नाही, म्हणून टाकी लिंकनलाच भरून घ्यावी आणि नकाशा आधीच उतरवून ठेवावा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुटी असते, त्यामुळे जोडून येणारे शनिवार-रविवार टाळावेत. त्या दिवसांत रस्ते तुंबतात आणि खोल्यांचे भाडे चढते. शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की मागच्या मोटारींनी थांबायचेच. (आपल्या कर्वे रस्त्यावर हा नियम आणला तर काय होईल, याची चर्चा मोटारीत बराच वेळ रंगली.) व्हरमाँटमध्ये १९६८ पासून रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांना बंदी आहे, हेही आपणच सांगितले होतेत. मार्ग १०० वरून जाताना डोंगर आणि नजर यांच्या मध्ये काहीही येत नाही याचे पुणेकराला किती अप्रूप वाटते, ते चौकाचौकांतले फलक पाहणाऱ्याला सांगायला नको.

आपण या सगळ्यासाठी दुपारच्या दुपारी दिल्यात, चष्मा पुसत नकाशावर पेन्सिलीने उंचीचे आकडे घातलेत आणि मोबदल्यात फक्त बर्चच्या पांढऱ्या, पापुद्रे सुटलेल्या खोडाची जवळून घेतलेली छायाचित्रे मागितलीत. ती सोबत जोडली आहेत. साल कुणीही ओढून काढलेली नाही, याची खात्री बाळगावी. आमच्या सोसायटीतले एक कुटुंब पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच बाजूला जाणार आहे आणि त्यांनी आपला नकाशा मागितला आहे. आपली हरकत नसेल तर त्यांना त्याची झेरॉक्स द्यावी म्हणते. मूळ प्रत मात्र मी कुणालाही देणार नाही.

आपली नम्र,
आपली एक जुनी विद्यार्थिनी