सुमे, दाढ दाखवून घे

सातारा

प्रिय सुमे,

केमो संपली, रेडिएशनही झालं, केस परत येताहेत, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘सूनबाई पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही’ हे तू कौतुकानं लिहिलंयस, तिथं मी अडले. प्रेम कळतं गं, पण आपल्या हाडांना ते परवडायचं नाही.

तुला आता स्तनाच्या कॅन्सरवरचं लेट्रोझोल सुरू झालंय, मला आहेच. ही गोळी अंगातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवते. कॅन्सरसाठी ते संपायला हवंच, पण हाडं टिकवायचं कामही इस्ट्रोजेनच करत असतं. हाडं झिजतात आणि झिजताना कळतही नाही. सकाळी सांधे आखडतात ते वेगळं. म्हणून आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घे. त्यात येणारा आकडा, टी-स्कोअर, उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. माझा मधेच लटकलाय.

मी रोज इथल्या ‘चार भिंती’ टेकडीचा चढ चढते. तुमची सांगली सपाट, तू जिना धर. पण नुसत्या चालण्यानं भागत नाही, हाडांवर भार पडायला हवा. फिजिओनं मला रबरी पट्टा ओढायला, भिंतीला रेटे द्यायला, हात न टेकता खुर्चीतून उठायला शिकवलंय. आठवड्यातून दोन-तीनदा करते. काखेतल्या गाठी काढलेला हात जपायचा, म्हणजे लुळा ठेवायचा नव्हे. विचारून हळूहळू वजन वाढव. तोल जाऊ नये म्हणून ओटा धरून एका पायावरही उभी राहा. डेक्सात मणक्याचा आकडा वाईट आला, तर पुढं वाकायचं पश्चिमोत्तानासन मात्र बंद.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं, खाण्यातलं आणि गोळीतलं मिळून. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून भाकरी नाचणीची. शिवाय दूध, दही, तिळाची चटणी. उसळ, अंडीही सोडू नकोस, हाडांना प्रथिनंही लागतात. कंदी पेढ्यातही कॅल्शियम असतं, असं आमचे हे रोज ऐकवतात! ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच घे.

डॉक्टर कदाचित सहा महिन्यांतून एकदा हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुचवतील. घाबरू नकोस, पण त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. इंजेक्शन सुरू झाल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. तुझी ती हलणारी दाढ अजून तशीच आहे ना?

तुझी,
शैला