फॉल्स सीलिंगवरची बादली

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय : भाड्याच्या सभागृहात वाद्ये खराब झाली तर भरपाई कोणी द्यायची

महोदय,
स.न.वि.वि.

काल सार्वजनिक सभागृहाच्या व्यवस्थापनाचे दोन ओळींचे पत्र आले. ‘संस्थेने आणलेल्या साहित्याची कोणतीही जबाबदारी व्यवस्थापनावर राहणार नाही’ ही अर्जाच्या मागे छापलेली अट दाखवून त्यांनी आमच्या भिजलेल्या वाद्यांची भरपाई नाकारली आहे. जूनमध्ये खोलीतले पाणी उपसत असताना हेच व्यवस्थापन ‘आठ दिवसांत प्रस्ताव पाठवतो’ असे म्हणाले होते. आम्ही त्या शब्दावर थांबलो, म्हणून हे पत्र उघडपणे लिहावे लागत आहे.

घटना थोडक्यात अशी. आमच्या संगीत मंडळाचा समारोह दोन दिवसांचा होता. पहिल्या रात्री रंगमंच रिकामा करून द्यायला सांगितले, म्हणून तीन तंबोरे, एक हार्मोनियम आणि तबल्याच्या दोन जोड्या मागच्या खोलीत ठेवल्या. कुलूप सभागृहाचे, किल्ली पहारेकऱ्याकडे, नोंदवहीत सही. सकाळी दार उघडले तेव्हा फॉल्स सीलिंगचा पत्रा वाद्यांवर पडलेला होता आणि त्याच्याबरोबर रंगाची एक जुनी बादलीही खाली आली होती. एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली, तिच्या गळतीखाली ही बादली ठेवलेली. बादलीच्या तळाशी शेवाळ होते. म्हणजे गळती त्या रात्रीची नव्हती. कोणीतरी ती पाहिली, नळी साफ करण्याऐवजी खाली बादली ठेवली, वरून पत्रा बसवला आणि ती खोली आम्हाला दिली. साहेब, आमचा सगळा राग त्या बादलीवर आहे.

‘थोडे भिजले, वाळेल’ हे वाक्य आम्ही चार टेबलांवर ऐकले. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेल्या फळाचे कवच. ते भिजले की मऊ पडते आणि चार तारांचा ताण मात्र तसाच राहतो. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळा जुन्या वाद्यांत सरसाने चिकटवलेला असतो. ओलाव्याने सरस सैल होतो, जोड केसाएवढा उघडतो, दांडी पुढे झुकते. तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी) फुगते, घोडी (तारा टेकतात तो पूल) एका बाजूला बसते आणि जवारी (घोडीवरून तारेला मिळणारा झंकार) जाते. सूर लागतो, पण तार बोलत नाही, नुसती वाजते. हार्मोनियमच्या भात्यातला पुठ्ठा थरांनी सुटतो, पट्ट्यांखालचे कातडे वाळताना ताठ होते आणि हवा गळू लागते. लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, पितळी सुरांवर (आतल्या वाजणाऱ्या पात्यांवर) हिरवा थर चढतो. तबल्याची शाई (मधला काळा गोल) लोखंडाची पूड आणि खळ यांची असते. तिच्यावर रात्रभर पाणी थेंबथेंब पडले तर ती पुडी (तबल्याचे कातड्याचे तोंड) गेलीच. ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.

पहिल्या काही तासांत काय करायचे हेही त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हते. तारा लगेच सैल करायच्या, म्हणजे गळ्यावरचा ताण उतरतो. गवसणीतून (कापडी खोळीतून) वाद्य बाहेर काढायचे, कारण ओली गवसणी म्हणजे बुरशीला आमंत्रण. सुती कापडाने टिपायचे, घासायचे नाही, घासले तर लाखेचे पॉलिश निघते. उन्हात ठेवायचे नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही. लाकूड बाहेरून झपाट्याने सुकले आणि आत ओले राहिले की तडकते. सावलीत, पंख्यापासून दूर, काही दिवस तसेच ठेवायचे. हार्मोनियमचा भाता मारून बघायचा नाही, कारण घाण पाणी थेट सुरांवर जाते. तिथल्या कर्मचाऱ्याने मात्र मदत म्हणून दोन तंबोरे गच्चीवर उन्हात नेऊन ठेवले. त्याला दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलेलेच नाही. पण एका भोपळ्याला त्या दुपारीच चीर गेली.

आता मुख्य प्रश्न. जागा दुसऱ्याची, वाद्य आपले, पैसे कोणाचे? चूक कोणाची त्याप्रमाणे, असे आमचे म्हणणे आहे. आमच्या कार्यकर्त्याच्या हातून तंबोरा पडला, गवसणी न घालता ठेवला, कोणी खिडकी उघडी टाकली, तर खर्च आमचा. त्याबद्दल एक अक्षर तक्रार नाही. पण छत, नळ, एसी, वायरिंग, उंदीर हे सगळे मालकाच्या ताब्यातले आहे. कुलूप आणि किल्लीही मालकाच्याच ताब्यात असेल तर आम्ही रात्रभर कशाची राखण करायची?

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. सुविधाधिकार अधिनियम 1882 चे कलम 57 म्हणते की जागा वापरायला देणाऱ्याला तिथला धोकादायक दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर तो सांगणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे. धोका माणसाला असो वा मालमत्तेला. पत्र्याआडची बादली त्यांना माहीत होती, आम्हाला नव्हती. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सुपूर्द केली तर करार अधिनियम 1872 चे कलम 151 लागते : सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतलीच पाहिजे. आम्ही किल्लीसकट वाद्ये सुपूर्द केली, नोंदवहीत सही आहे. ‘जबाबदारी आमची नाही’ असे बारीक अक्षरात छापून ही कर्तव्ये पुसली जात असतील, तर मंत्रीमहोदय, कायदे करायचे कशाला?

आणि हेच व्यवस्थापन आमच्याकडून अनामत घेते. रंगमंचावर एक खिळा ठोकला, पडद्याला डाग पडला, की त्यातून पैसे कापते. त्यांचा पडदा ही मालमत्ता आणि आमचा तंबोरा म्हणजे ‘साहित्य’!

मूल्यमापनाची तऱ्हा तर सहन होत नाही. लेखा विभागाने फर्निचरसारखा घसारा लावून 22 वर्षांच्या तंबोऱ्याची किंमत जवळपास शून्य काढली. अहो, तंबोरा म्हणजे खुर्ची नव्हे. चांगले लाकूड वर्षानुवर्षे वाजून मुरते, जुन्याचा नाद नव्याला येत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सरकारपासून सगळ्यांनी अभिमान मिरवला. त्याच मिरजेचा तंबोरा सरकारी दप्तरात मोडक्या टेबलाच्या रांगेत बसतो. जोड उघडून पुन्हा बसवायला, तबली सरळ करायला, जवारी काढायला कारागिराचे किती दिवस जातात हे कारागिरालाच विचारा, लेखनिकाला नाही.

विम्याचा सल्लाही मिळाला. विमा जरूर असावा. पण हवामानामुळे हळूहळू झालेली हानी, बुरशी, कीड, उंदीर अशी कारणे बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात, आणि आपल्याकडची वाद्ये नेमकी त्यानेच जातात.

दाद मागायची तर कुठे? आपले खाते म्हणते सभागृह महापालिकेचे, नगरविकासकडे जा. महापालिका म्हणते संगीत तो सांस्कृतिक विषय. न्यायालयात जायचे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. आठ दिवसांचे आश्वासन लांबवत आमचे त्यातले महिने खाल्ले गेले. 8 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. आगीचे फोटो येतात, सगळे धावतात. गळक्या छताखाली वर्षानुवर्षे कुजणाऱ्या वाद्यांसाठी कोण धावते? 1843 सालच्या सांगलीतल्या पहिल्या मराठी नाटकाचे गोडवे दर 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, गाणाऱ्या राज्यात वाद्य ठेवायला एक कोरडी खोली मिळू नये?

आमच्या मागण्या साध्या आहेत. अर्जावरची ती अट राज्यातल्या सर्व सार्वजनिक सभागृहांतून काढा आणि तिथे ‘इमारतीतील दोषामुळे झालेल्या नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार’ असे छापा. खोलीची किल्ली घेताना वाद्यांची यादी, फोटो आणि दोघांच्या सह्या असलेली पावती द्या. गळती-दुरुस्तीची नोंदवही नोंदणीच्या वेळी भाडेकरू संस्थेला दाखवा. वाद्यांच्या खोलीवर पाण्याची टाकी, एसीची नळी नको, आणि जमिनीपासून फूटभर उंच लाकडी फळ्या हव्यात. नुकसान झाले तर 24 तासांत संयुक्त पंचनामा, आणि किंमत वाद्य बनवणाऱ्या कारागिराने ठरवलेली. व्यवस्थापनाने उंदीर आणि पाणी या दोन्हींसकट सामूहिक विमा उतरवावा. त्याचा हप्ता भाड्यात घातला तरी आम्ही तो देऊ.

आमचे तिन्ही तंबोरे सध्या कारागिराकडे तारा उतरवून ठेवले आहेत. चिरलेला भोपळा बदलावा लागेल असे तो म्हणतो, आणि मग तो तंबोरा पूर्वीसारखा बोलेल याची खात्री तोही देत नाही. बादली आम्ही पंचनाम्यासाठी जपून ठेवली आहे. कलम 487 ची नोटीस या पत्राबरोबरच रवाना होत आहे.

आपले,
एका संगीत मंडळाचे कार्यकर्ते